काडेपेटीएवढी तिपानी

“मशीन फिरवलंत, भावोजी? माझ्या वाफ्यावरून?”

“साहेबांनी सांगितलं, वहिनी. उद्या पाहुणे येणार, सगळं कसं गुळगुळीत दिसलं पाहिजे म्हणाले. अन् तुमचा वाफा तर पार वाळून गेला होता.”

“वाळला नव्हता. पिकला होता.”

आक्काचा दीर गवत कापायच्या मशीनचं पातं पुसत राहिला. बियाणे केंद्रात त्याला कामाला चिकटवलं होतं तेही तिनंच.

आक्का तिथली सगळ्यात जुनी बाई. नऊ वर्षं तिनं एकच काम केलं, तिपानी, म्हणजे तीन-तीन पानांचं क्लोव्हर, बुटकी करायचं. घरापुढं गवताऐवजी पसरायची, कापायला नको, फार पाणी नको, अशी तिपानी. दरसाल हजारभर रोपं लावायची, शेजारी काडेपेटी उभी धरायची, आणि ज्याचं पान वर गेलं ते उपटायचं. उरलेल्यांवर जाळी, जाळीत मधमाश्यांची पेटी. बाहेरचं वाण आत शिरायला नको. यंदा चाळीस झाडं टिकली होती. बोंडं तपकिरी झाली तशी तिनं जाळी काढली. सोमवारी बी खुडायचं, चाचणीला धाडायचं आणि महिनाअखेर निवृत्त होऊन घरी बसायचं, असा बेत होता.

कापलेलं सगळं खताच्या खड्ड्यात गेलं होतं, साऱ्या केंद्राच्या गवतात कालवून. आक्कानं गुडघ्यावर बसून ते उपसलं. ओंजळभर बोंडं हाती लागली. पण रस्त्याकडेची उंडगी तिपानीही त्यातच होती. कुठलं बी कुणाचं, काय कळणार? तिनं ओंजळ परत खड्ड्यात सोडली.

साहेब म्हणाले, “मुळं शाबूत आहेत ना? मग फुटेल की. बी पुढच्या वर्षी धरू.”

“धरा,” आक्का म्हणाली. “कोण धरणार तेवढं ठरवून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यातल्या एका बाईनं वाकून वाफ्यावरून हात फिरवला. “किती एकसारखं आहे हो. आणि हे कधीच कापावं लागत नाही?”

“अजिबात नाही,” साहेब म्हणाले.

मशीनपाशी उभ्या दिरानं मान खाली घातली. आक्का रोपांच्या खोलीत गेली. बाकावर गेल्या सालच्या उरलेल्या बियांतून उगवलेल्या तिपानीचे नवे ट्रे मांडले होते. तिनं खिशातली काडेपेटी काढून पहिल्या रोपाशी उभी धरली.

उंच होतं. उपटलं.