वरचं पॅनेल, खालचं पॅनेल

महिपतीची ओळख त्याच्या लग्नापासून करून द्यावी लागेल. भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा हा गडी खाली वाकून नवरीचे पाय न्याहाळत होता. का? तर बघायला गेलो होतो ती मुलगी हीच, की बदलून दिली! प्रयागबाई आजही सांगते, "सगळा मांडव हसला. म्हटलं, ह्या माणसाबरोबर जन्म काढायचा?" काढलाच तिने. पंचेचाळीस वर्षं झाली.

महाडच्या बाजारात सुकट घेताना तो आधी स्वतः हुंगतो, मग विकणारणीला हुंगायला लावतो. डेपोत गाडीवर 'पोलादपूर' अशी ठसठशीत पाटी असली तरी ड्रायव्हरला विचारतो, कंडक्टरला विचारतो आणि बसल्यावर शेजारच्याला विचारतो. तिघांनी एकच उत्तर दिलं की मला कोपर मारून म्हणतो, "तिघं आधीच बोलून बसल्यात वाटतं."

असा हा माणूस, आमच्या गावकीचा कारभारी. गेल्या साली होळीच्या आधी जे घडलं ते सांगतो. त्यात थोडं पाप माझंही आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमच्या वाड्या दोन, वरची आणि खालची. वरच्या वाडीचं काळकाई पॅनेल, खालच्या वाडीचं झोळाई पॅनेल. पण एवढी नावं घेतो कोण? सगळ्यांच्या तोंडी वरचं पॅनेल आणि खालचं पॅनेल. वरच्याचा कर्ताधर्ता महिपती, खालच्याचा मंगेश. मी वरच्या वाडीचा.

गावकीच्या सभागृहात मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. मंडळातला दीपेश ह्या कामातला माणूस, मूळचा खालच्या वाडीचा. त्याने तो चालू करून दिला. चालवायला बसवली रूपालीला, म्हणजे चंपाबाईच्या सुनेला. पोरगी महाडला कॉलेज शिकलेली. सातबारा काढून देते, पेन्शनीचे अर्ज भरते, लोकांची पोलादपूरची खेप वाचवते. तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. पुढे ठेवायची की नाही, हे त्या रविवारी गावकी ठरवणार होती. नाही ठेवली तर दोन वर्षांची पोर सासूकडे टाकून रोज पहाटेच्या गाडीने एमआयडीसीत पॅकिंगला जायचं. "आजोबा, तेवढं बघा," असं ती मला दोनदा बोलली होती.

बुधवारी दुपारी लाईट गेली आणि अर्ध्या तासाने आली. महिपती सभागृहाच्या खिडकीखाली बिडी ओढत बसला होता. आत रूपाली फोनवर बोलत होती.

"दीपेश भावोजी, वरचं पॅनेल पार उडालं. हां, लाईट गेल्यावर. खालचं शाबूत हाय. काय म्हणता? वरच्यातलं एकेक उचलून खाली घेऊ? बरं. मग वरचं कायमचंच काढून टाकते. आणि खालचं लपवून ठेवता येतंय? कुणाला दिसणार नाय, जवळ गेलं की वर येणार? हे ब्येस. लोकं यायच्या आत करते."

महिपती बिडी टाकून तडक माझ्या ओटीवर आला. घाम आलेला.

"गड्या, आपलं पॅनेल फोडतायत. एकेक माणूस उचलून खाली न्यायचाय."

"कोण?"

"दीपेश. मुंबईत बसून. आणि ती पोर हितली हस्तक. लाईट गेल्यावर काम झालं म्हणते!"

"लाईट तर दुपारी गेली होती."

"घालवली कुणी, ते विचार."

हसू नका. मी चौथी शिकलेला माणूस, मला ते खरंच पटलं. संशय म्हणजे खाजकुयली. एकाला लागली की शेजारचाही खाजवायला लागतो. त्याच संध्याकाळी माझा सख्खा पुतण्या मंगेशच्या पोराशी हसून बोलला, तर मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. बिचारा क्रिकेटचं बोलत होता.

रविवारी चारला सभा. बाराला रूपाली जेवायला घरी गेली आणि महिपती चावी घेऊन माझ्याकडे आला. "चल, पुरावा काढू." मी दाराशी राखणीला उभा राहिलो, तो यंत्रासमोर बसला. त्याने माऊस खाली ढकलला तर पडद्याच्या तळाशी चित्रांची एक पट्टी वर आली. माऊस बाजूला घेतला, पट्टी गडप. तीनदा केलं, तीनदा तसंच.

"बघितलंस? माणूस आला की वर, वळला की दडी. सरळ वस्तू लपंल कशाला?"

मग त्याने पट्टीवर उजवं बटण दाबलं. एक यादी उघडली. महिपती सातवीपर्यंत गेलेला, इंग्रजी अक्षरं लावतो. बोट ठेवून वाचू लागला. "पी, ए, एन, ई, एल. पॅनेल! लेखी सापडलं रे!"

त्या यादीतून दुसरी खिडकी, तिच्यात एक वजाबाकीचं चिन्ह. ते दाबल्यावर यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतंय?" मी दारातून विचारलं.

"कुणाला ठाव. पण विचारतंय म्हंजे घाबरलंय." आणि त्याने हो केलं.

पट्टी गेली ती गेलीच. माऊस खाली आपटला, वर आपटला. पडद्यावर नुसता मंगळगडाचा फोटो उरला.

"पुरावा नष्ट केला तिनं," महिपती म्हणाला.

"ती घरी जेवतेय."

"म्हंजे आधीच सोय करून गेली."

चारला सभागृह भरलं. रूपालीचा विषय निघताच महिपती उभा राहिला आणि खिडकीतून ऐकलेलं सगळं जसंच्या तसं बोलला. खालच्या वाडीत कुजबूज, वरच्या वाडीत आरडाओरडा. रूपाली आधी गोंधळली, मग तिला हसू फुटलं.

"अण्णा, पॅनेल म्हंजे माणसांचं नाय हो. पडद्यावरची पट्टी. तिच्यात मेनू असतो, सगळं उघडायची बटणं. एक वर होती, एक खाली. लाईट गेली नि वरची बिघडली. तिच्यातली बटणं मी खाली घेतली. पडदा मोठा दिसावा म्हणून ती लपती ठेवली, एवढंच."

"दाव मग."

तिने यंत्र चालू केलं. माऊस खाली नेला. परत नेला. मंगळगड तसाच. तिचं हसू मावळलं.

"दुपारपर्यंत होती हो. मी काय केलं नाय."

मागून आमच्याच वाडीचा एकजण ओरडला, "दोन पट्ट्या होत्या, दोन्ही घालवल्या! गावाचे दाखले काय सांभाळणार?"

दुसरा म्हणाला, "द्या हिला नारळ!"

चंपाबाई पदराने तोंड पुसत होती. रूपाली माऊस धरून नुसती उभी होती. मी जमिनीकडे बघत होतो. खरं सांगतो, मी बोललो नसतो. तोंड उघडलं तर दाराशी कोण उभा होता तेही सांगावं लागलं असतं.

महिपतीने टोपी काढली, परत घातली.

"थांबा. पोरीचा दोष नाय. खालचं पॅनेल मी पाडलं."

मग मंगेश उठला. "अण्णा, आधी मतदान तरी होऊ द्या!"

असा हशा झाला की पत्रे वाजले. पण महिपती हसला नाही. चावी, उजवं बटण, वजाबाकीचं चिन्ह, सगळं ओळीने सांगितलं. वर माझ्याकडे हात करून म्हणाला, "आणि हा दाराशी राखणीला होता." घ्या!

रूपालीने डोळे पुसले. मंगळगडावरच्या मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं, यादीतून सेटिंग उघडलं, अधिकचं चिन्ह दाबलं. एक कोरी पट्टी आली. तिच्यात तिने मेनू बसवला, घड्याळ बसवलं, एकेक बटण बसवलं. पाच मिनिटांचं काम.

"आता लपायचं बंद कर," महिपती म्हणाला.

"केलं. पट्टी वर ठेवू का खाली?"

बिचारीने सहज विचारलं. अर्धं सभागृह उठलं, "वर!" उरलेलं अर्धं उठलं, "खाली!" मंगेश बाकावर चढला. रूपालीने दोन्हीकडे पाहिलं, माऊस हलवला आणि पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला उभी करून टाकली. ती परत हलू नये म्हणून कुलपाचं बटण दाबलं. "आता वरची नाय नि खालची नाय."

दोन्ही वाड्या खाली बसल्या. रूपालीला वर्षभर ठेवावं म्हणून हात वर झाले. मंगेशचा झाला, माझा तर सगळ्यांच्या आधी. एक महिपतीचा तेवढा खाली. तो पट्टीकडे डोळे बारीक करून बघत होता.

"डाव्या बाजूलाच का लावली?" त्याने हळूच मान वळवून सभागृहाची डावी बाजू पाहिली. तिकडे दोन्ही वाड्यांच्या बाया एकत्र बसलेल्या, मध्यभागी प्रयागबाई.

"बायांनी पॅनेल काढलंय काय?"

"काढलंय," प्रयागबाई म्हणाली. "हात वर करा."

त्याने केला.