गुत्तेदार काकांची यादी

"पोरगी वाचती चांगली, पण आवाज घरीच ठिवून आलीय," मिस्त्रीचाचा शेजारच्या गवंड्याला हळूच म्हणाले आणि ते नेमकं मला ऐकू आलं. छावणीजवळच्या एका रिकाम्या प्लॉटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मी कामगारांच्या विम्याची पॉलिसी वाचून दाखवत होते. नारळ नुकताच फुटला होता. चौदा माणसं खोबऱ्याचे तुकडे हातात धरून उकिडवी बसली होती आणि त्यांच्यामागे, शाळेतल्या हेडमास्तरांसारखे, आमचे शेजारचे काका उभे होते.

काका गुत्तेदार, घरं बांधायची कंत्राटं घेणारे. पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. या शहरात कागदाशिवाय खिळासुद्धा न ठोकणारा दुसरा गुत्तेदार कुणी दाखवला, तर मी माझी डिग्री परत करायला तयार आहे. बांधकाम परवानगी, काम सुरू करण्याचा दाखला, जोत्याची तपासणी, कामगारांचा विमा, ही नावं ते नातवंडांच्या नावांसारखी घेत. सगळे कागद एका निळ्या रेक्झिनच्या पिशवीत असत आणि पिशवी स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधलेली असे. काकू रिक्षानं येत. "तिला दोरी बांधतेत, मला नुसतं रिक्षानं ये म्हणतेत," एवढंच त्यांचं गाऱ्हाणं होतं. एकदा घरातल्या न्हाणीघराच्या फरश्या बदलायच्या होत्या. काका परवानगी मागायला महापालिकेत गेले. याला परवानगी लागत नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितल्यावर काका म्हणाले, "मग लागत नाय असं लेखी द्या." चार खेपा घालून त्यांनी ते पत्र मिळवलं आणि दारावर चिकटवलं. मुलीला बघायला आलेले पाहुणे चपला काढण्याआधी ते पत्र वाचत उभे राहिले होते.

अशानं कामं जात. गंगापूरचे एक पाहुणे घर बांधायचं म्हणून मुहूर्त धरून आले होते, उद्याच खड्डा घ्या म्हणून अडून बसले. दाखला यायचा होता. काका त्यांना शांतपणे म्हणाले, "मुहूर्त हुकला तर गुरुजी दुसरा काढून देतील. दाखल्याबिगर काम धरलं तर मला कोण काढील?" पाहुणे उठून गेले. काकांनी त्यांना फाटकाशी गाठून लागणाऱ्या कागदांची यादी दिली, दुसऱ्या गुत्तेदाराला उपयोगी पडेल म्हणून.

या वेडामागचं कारण मला काकूंनी सांगितलं. काका तरुणपणी मजूर होते. बरोबरचा जोडीदार परांचीवरून पडला, तेव्हा मालक म्हणाला, याला मी कामाला बोलावलंच नव्हतं. कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं. तेव्हापासून काकांच्या कामावर पहिल्या दिवशी नारळ फुटला की यादी वाचली जाई. नाव घेतलं की त्या माणसानं "हाय" म्हणायचं. यादीत नाही त्यानं शिडीला हात लावायचा नाही. पॉलिसी इंग्रजीत, आणि मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. वकिलीशी माझा काही संबंध नसताना ते मला वकीलसाहेब म्हणत.

त्या दिवशी चौदा वेळा "हाय" ऐकून मी अटींवर आले आणि थांबले. हा विमा कामावर ठेवलेल्या माणसांचा होता. कामावर ठेवणारा, म्हणजे गुत्तेदार, त्यात धरलेला नव्हता. त्याला स्वतःसाठी वेगळी पॉलिसी काढावी लागणार होती. काका तर दिवसातून दहा वेळा वर चढत. मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. मिस्त्रीचाचांचं वाक्य कानात ताजं होतं. एवढ्या माणसांपुढे काकांच्या कागदात चूक कशी काढायची? घरी सांगू, असं ठरवून मी पुढची ओळ वाचली.

घरी सांगणंही राहिलं. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे काका तुळशीला पाणी घालताना दिसायचे. वाक्य माझ्याकडे तयार असायचं. ते म्हणायचे, "काय वकीलसाहेब, बरंय ना?" मी हसून आत जायचे.

तिसऱ्या स्लॅबच्या वेळी एका पोऱ्यानं सुरक्षेचा पट्टा नीट बांधलाय का, ते बघायला काका परांचीवर गेले आणि पाय घसरला. खुबा मोडला. दवाखान्यात त्यांनी पहिल्यांदा निळी पिशवी मागितली. विमा कंपनीनं नकार कळवला आणि त्यांचं बरोबरच होतं. काकांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाले, "समद्यांना मोजलं. मोजणारा राहिला."

आता ते ओसरीवर वॉकर जवळ घेऊन बसतात. मिस्त्रीचाचा अधूनमधून येऊन पायरीवर टेकतात, नवं काम कधी धरायचं विचारतात. परवा काकांनी मला हाक मारली. गुत्तेदारीच्या परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत आली होती आणि त्यांना नूतनीकरण नको होतं. परवाना परत करत असल्याचा अर्ज लिहून हवा होता.

"कारण लिव्हा वकीलसाहेब," ते म्हणाले. "ज्याला सोताची यादी नीट करता येत नाय, त्याच्या भरवशावर माणसं वर चढवू नयेत."

पायरीवर बसलेले चाचा वळून बघू लागले. मी तारीख लिहिली, विषय लिहिला. मग पेनाला टोपण लावलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काका, हे कारण खोटं आहे. तुम्ही यादीत नाही, हे मला त्या दिवशी वाचतानाच दिसलं होतं. मी बोलले नाही."