मामांना मी पाठवलेल्या गोळ्या

गेल्या महिन्यात एका मंगळवारी कलबुर्गीत माझं पितळ उघडं पडलं... आणि ते पाडलं मीच.

माझे मामा मंठाळचे. दहा-बारा शेरडं, थोडी शेती आणि बरीच जुनी शुगर. गावात कुणाचं शेरडू आजारी पडलं की बोलावणं मामांनाच येतं, त्यामुळे ते स्वतःला जनावरांचे डॉक्टर समजतात. मी बसवकल्याणात राहते आणि दोन मुलांच्या आजारपणातून शिकून स्वतःला माणसांची डॉक्टर समजते.

श्रावणात शेरडांमागे फिरताना मामांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. शुगरमुळे पाय बधिर, त्यांना कळलंच नाही... अंगणात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा मामीनं पाय उचलून बघितला.

जखम भरेना. मग माझी डॉक्टरकी सुरू झाली.

आमच्याकडे प्रत्येक आजारातल्या उरलेल्या गोळ्या असतात... मुलाच्या घशाच्या, नवऱ्याच्या दाढेच्या, माझ्या कसल्यातरी. बरं वाटलं की आम्ही कोर्स अर्धा सोडतो आणि गोळ्या जपून ठेवतो. त्यातल्याच मी पुडीत बांधून मंठाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि मामीच्या व्हॉट्सअॅपवर पाकिटाचा फोटो टाकायचे, ही सकाळ-संध्याकाळ द्या म्हणून. मामी अंगठा पाठवायची.

जखम जरा सुकली की मामा गोळ्या बंद करायचे. पुन्हा पाणी यायला लागलं की माझी दुसरी पुडी निघायची. पाच महिने हेच चाललं... आणि मामांचं सगळं मीच बघते, असं मी नातेवाइकांत कौतुकानं सांगायचे.

मग करंगळी काळी पडली, जखमेला वास यायला लागला, थंडी वाजून ताप भरला. गाडी करून त्यांना कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच अॅडमिट केलं आणि पू तपासायला पाठवला.

मंगळवारी रिपोर्ट आला. औषधांची ही लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे R. डॉक्टरांनी समजावलं, R म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. दोनच औषधं उरली होती, तीही शिरेतून द्यायची, किडनीवर लक्ष ठेवून. त्यांनीही नाही भागलं तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, असं ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या? कुणी दिल्या?

खरं सांगते, त्या क्षणी मला मामांच्या पायाची नाही, माझ्या अब्रूची काळजी वाटली.

मामा कॉटवरून म्हणाले, “शेरडायची औषधं व्हती घरात, सायब. तीच खाल्ली मी. कुनी दिल्या न्हाईत.”

डॉक्टर भडकले. जनावरांची औषधं माणसानं खायची का, अक्कल गहाण टाकली होती का... सगळा वॉर्ड ऐकत होता. शेरडांच्या बाबतीत ज्यांचा शब्द आसपासच्या गावांत कुणी खाली पडू देत नाही, ते माझे मामा मान खाली घालून बोलणी खात होते. आणि डॉक्टर ते सगळं केसपेपरवर लिहायला लागले.

ते लिहिताना बघून मात्र मला राहवेना. खोट्या माहितीवर उपचार होणार आणि पाय मामांचा जाणार... मी फोन काढला, मामीचं चॅट उघडलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. पाच महिन्यांतले सगळे फोटो, तारखांसकट. शेवटचा तर दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशीचा.

डॉक्टर मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एकेक नाव उतरवून घेतलं. पोटात गोळ्या असताना घेतलेल्या नमुन्यात काही जंतू सापडतच नाहीत, असं म्हणून जखमेच्या खोलातून पुन्हा नमुना पाठवला. त्यात खरंच आणखी एक जंतू निघाला आणि औषध बदललं. त्यानंतर चौथ्या दिवशी ताप उतरला.

करंगळी गेली... पाय राहिला. जंतू असे निर्ढावले ते माझ्याच गोळ्यांनी का, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझी समजूत काढायला म्हणाले असतील.

मामांना नंतर विचारलं, खोटं कामून बोललात?

“तू मायेनं धाडायलतीस गोळ्या. मला म्हाताऱ्याला बोलले तर काय बिघडतंय? चार मान्सांत तुला कुनी बोलू नये, माय.”

मला रडू आवरलं नाही. उरलेल्या गोळ्या पुडीत बांधून पाठवणं सोपं होतं, एक दिवस सुट्टी काढून त्यांना डॉक्टरकडे नेणं मला पाच महिन्यांत जमलं नव्हतं. आणि मला एक शब्द ऐकावा लागू नये म्हणून हा माणूस आपला पाय घालवायला निघाला होता.

मामा, आता दर सोमवारी ड्रेसिंगला तुम्हाला मीच घेऊन जाणार आहे... तेवढं मला करू द्या.