बाबांचं चूर्ण सुटलं

आमच्या घरात सकाळी कोणी कोणाला 'झोप लागली का' असं विचारत नसे. 'झालं का?' एवढंच. काय झालं का, हे पाहुण्यालाही समजायचं. माझे वडील संडासातून बाहेर आले की आई चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांच्या तोंडाकडे बघायची. साफ झालं असेल तर बाबा आमच्याशी दोन शब्द बोलायचे. नसेल तर दिवसभर आमचीच खरडपट्टी.

चूर्ण त्यांनी नोकरीत धरलं. सरकारी कारकून होते, सारख्या बदल्या. खानावळीचं जेवण सोसेना, तेव्हा कोणीतरी कोमट पाण्यातून एक चमचा सुचवला. त्या एका चमच्याचे निवृत्तीपर्यंत तीन झाले. डोकं दुखलं, पोट साफ नाही. गुडघा दुखला, पोट साफ नाही. आम्हा भावंडांना उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी काळ्या चहातून एरंडेल मिळायचं, आणि त्या दिवशी घराबाहेर पडायची सोय नसायची. माझं लग्न मोडलं, मी बॅग घेऊन माहेरी आले, तेव्हाही बाबांनी माझ्या हातात चूर्णाचा ग्लास दिला. म्हणाले, "घे बाई, मोकळी होऊन जाय." तेव्हा मला असा संताप आला होता की ग्लास भिंतीवर फेकावा. आता आठवलं तर काहीच होत नाही.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात त्यांच्या पिंडऱ्यांत गोळे यायला लागले. जिना चढताना पाय उचलेना. स्कूटरवर मागे बसवून मी त्यांना प्रताप नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"काका, चूर्ण आजपासून बंद. रोज जुलाब करून करून आतडं आळशी झालंय. आणि शरीरातलं पोटॅशियम धुऊन जातंय. असंच चाललं तर हृदयावर येईल."

"मले चूर्णाशिवाय जमत नाही, डॉक्टरसाहेब."

"जमवा."

माझ्याकडे वळून त्यांनी एक सिरप लिहून दिलं. तीन दिवस काहीच झालं नाही तरच एक झाकण, रोज नाही, असं दोनदा बजावलं. मी दोनदा मान हलवली. मी शाळेत गणित शिकवते. 'तरच' म्हणजे काय, हे मुलांना शिकवते.

घरी आल्यावर बाबांनी स्वतः फडताळातून चूर्णाचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "फेकून दे. दिसलं तर खाईन मी." मी तो त्यांच्यासमोर घंटागाडीत टाकला.

हुडकेश्वरचं आमचं घर तीन माणसांचं आणि एका संडासाचं. माझी शाळा सकाळची. बाबा साडेपाचला आत जायचे ते साडेसहापर्यंत. मी दार वाजवायची.

"बाबा, निघा न! मले उशीर होऊन राहिला."

"थांब वं. येऊन राहिलं."

काही येत नव्हतं. बाहेर यायचे ते घामाने भिजलेले, डोळे लाल. जेवण अर्ध्यावर आलं. आई पदराने त्यांचं तोंड पुसायची. आणि मी, पन्नाशीची बाई, खांद्यावर टॉवेल टाकून शेजारणीच्या दारात उभी. आठवड्यात तीनदा. तिसऱ्यांदा शेजारीण म्हणाली, "काहून बाई, रोजचंच झालं का आता?" त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांच्या दुधात सिरपचं झाकण ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. मग रोजच. दयेने नाही. वैतागून. हे असंच लिहून ठेवायचं आहे मला.

चारपाच दिवसांनी बाबा बाहेर आले ते लग्नातल्या वरबापासारखे. "अरे बाप्पा! आज एकदम मोकळं! बिना चूर्णाचं!" फिरायला जाताना भेटेल त्याला जयभीम घालून त्यांनी ही बातमी सांगितली. आई पोळी लाटता लाटता खाली मान घालून हसत होती. बाबांची कणीक ती हल्ली वेगळी भिजवायची. दातांसाठी मऊ लागत असेल, असं मला वाटलं. मीही मनात खूश होते. शाळेत वेळेवर पोचत होते.

पुढे दिवसातून दोनदा व्हायला लागलं. मग चारदा. बाबांना त्याचाही अभिमान. "तीस वर्षाची घाण निघून राहिली," म्हणायचे. आमच्या घरात जुलाबाला कोणी आजार मानतच नसे. तो कौलच होता, चांगला. मे महिना होता, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. बाबांचे ओठ सुकले, हातापायातलं बळ गेलं. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. आईने कांद्याचा रस लावला, पन्हं दिलं. मी झाकण अर्धं केलं. बंद नाही केलं. बंद केलं आणि ते पुन्हा तासभर बसले तर, ही माझी काळजी.

एका रविवारी सकाळी संडासातून धप्प आवाज आला. कडी तोडून त्यांना काढलं. प्रताप नगरच्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात सलाईन लागली, छातीला वायरी लागल्या. डॉक्टर बाहेर आले आणि आम्हा दोघींना विचारलं, "यांना घरी कोणी जुलाबाचं काही देत होतं का? खरं सांगा."

आई लगेच बोलली. तिने एक क्षणही घेतला नाही.

"एरंडेल. कणकेत घालत होती मी. त्याईचे हाल मले बघवत नव्हते. त्याईले सांगतलं असतं तर खाल्ली नसती पोळी, शब्द दिला होता न त्याईनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? ते सिरप?"

"नाही," मी म्हटलं. "गरजच पडली नाही."

इलाज तोच झाला असता, असं मी स्वतःला सांगते. झालाही असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांचं हृदय थांबलं. मला रडू आलं नाही. फॉर्मवर सह्या केल्या, शाळेत फोन केला, आईला खुर्चीवर बसवलं.

घरी आल्यावर मी त्यांचं कपाट उचकलं. गादीखाली बघितलं, शर्टांचे खिसे, जुन्या चष्म्याची डबी, पिशव्या. चूर्णाची एखादी लपवलेली पुडी मला हवी होती. सापडली असती तर आम्ही दोघी सुटलो असतो. नव्हती. त्या माणसाने एकदाही चोरून खाल्लं नव्हतं.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली. जेवणं सुरू झाली तशी आई येणाऱ्या प्रत्येक बाईला धरून सांगत होती, "मीच मारलं वं त्याईले. माह्या हातानं." बाया तिला जवळ घेत होत्या. मी पंगतीत भात वाढत फिरत होते.

तेव्हापासून आई कणकेला हात लावत नाही. पोळ्या मी करते. तिच्यासमोर कणीक मळताना रोज ठरवते, आज सांगायचं. परवा खरंच सांगायला बसले. परात बाजूला सरकवली, हात पुसले. "आई," म्हटलं, "बाबांच्या दुधात..."

तिला वाटलं, मी बापाच्या आठवणीने अडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नोको. तू तं त्याईचं सारं डॉक्टरनं सांगतलं तसं केलं. एक तरी माणूस या घरात असं होतं, म्हणून मले रातची झोप लागते."

"हौ," मी म्हटलं.