डोक्यासकट कोळंबी

चंद्रावती घरतने आजवर किती कोळंब्यांची मुंडकी उडवली असतील, याचा हिशेब देवाने ठेवला असेल तर ठेवो बापडा. तिने ठेवला नाही. तळोज्याच्या मासळी कंपनीत ती लागली तेव्हा तिचा मुलगा बालवाडीत होता. आता त्या मुलाची बायको, भाविका, तिच्याच टेबलावर तिच्या शेजारी उभी राहून काम करते. एवढ्या वर्षांत काम मात्र तेच. बर्फाच्या पाण्यात हात घालायचा, कोळंबी उचलायची, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत मुंडकं धरून एक पीळ द्यायचा. मुंडकं खालच्या टोपलीत, धड वरच्या ट्रेमध्ये. माल अमेरिकेला जायचा, आणि अमेरिकेतल्या माणसाला ताटातून डोळे वटारून बघणारं काही चालत नाही म्हणे.

चंद्रावतीला पहिले काही महिने याचं फार वाईट वाटे. आगरी माणसाच्या घरात कोळंबीचं मुंडकं म्हणजे सगळी चव. मुंडक्यांचा रस उतरला नाही तर त्याला कालवण कोण म्हणेल? आणि इथे टोपल्याच्या टोपल्या भरून चव फेकून देत होते. पण दुसऱ्याच्या दारात पोट भरायला गेलं की आपलं मत घरी खुंटीला टांगून जावं लागतं. तिने टांगलं.

आपलं म्हणून तिने कंपनीत एकच गोष्ट नेली होती, ती म्हणजे गाणं. चंद्रावती धवलारीण होती. लग्नघरी हळदीपासून वरातीपर्यंत धवले गायला जी बाई लागते, ती. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती उचलून धरतात. अलीकडे हळदीला डीजे आले, त्यांच्या भिंतीएवढ्या आवाजापुढे धवलारणीचं कोण ऐकणार? बोलावणी कमी झाली, तशी चंद्रावती कंपनीतल्या टेबलावरच गायला लागली. तोंडावर मास्क, पायात गमबूट, आणि मास्कच्या आतून उरणच्या खाडीकडचे धवले. आधी सुपरवायझर ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं, की गाणं चालू असलं की ट्रे भराभर भरतात. टेबलावरच्या बाराही जणींचे हात ठेक्यावर पडायचे, आणि ओळ संपली रे संपली की बारा मुंडकी एकदम टोपलीत. त्यानंतर कुणी ओरडलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर वाढवला. बारा जणींना त्यातलं एवढंच कळलं की गाड्या कमी झाल्या. मग ऐकू आलं की माल आता चीनकडे, व्हिएतनामकडे जाणार. आणि एके दिवशी हृतिक, म्हणजे क्वालिटीचा साहेब, टेबलाशी येऊन म्हणाला, "आजपासून हेड-ऑन. कोळंबी डोक्यासकट जाणार. मिशी शाबूत पाहिजे, डोळे शाबूत पाहिजेत. डोकं तुटलं की पीस रिजेक्ट."

चंद्रावतीला आधी हसूच आलं. चवीचं कळणारं गिऱ्हाईक भेटायला एवढा जन्म गेला! घरी जाऊन तिने आनंदाला, नवऱ्याला, सांगितलं. विमानतळात गाव गेल्यापासून आनंदा करंजाड्याच्या नव्या घरात टीव्हीपुढे बसून जगाचा कारभार बघत असे. भाताचं शेत गेलं, आता दुसरं बघायला उरलं होतं काय?

"मी कवाचा सांगतोय," तो म्हणाला. "गोऱ्यांचे दिवस भरले. आता आपल्या बाजूचा जमाना हाय. पैसा सगला इकडं येतोय."

"येतोय तर येऊ दे. पन माजी बोटं कशी फिरवू, ती सांग."

ते काही टीव्हीत सांगत नव्हते. कारण खरी अडचण बोटांचीच होती. कोळंबी उचलून, नीट निरखून, पेटीत एका दिशेने झोपवायची, एवढंच नवं काम. पोरखेळ. पण कोळंबी हातात आली की चंद्रावतीच्या नकळत चिमटी बसायची आणि मुंडकं हातात यायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे तर कोळंबी मेलेली आणि खोड जिवंत. बाराही जणींचं तेच. भाविकासुद्धा सासूच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे तिचंही तेच. पलीकडच्या टेबलावर उलव्याहून येणाऱ्या नव्या मुली होत्या. त्यांना जुनं काही येतच नव्हतं, म्हणून नवं झकास जमत होतं.

हृतिक वाईट मुलगा नव्हता. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, चीनची पार्टी येतेय बघायला. त्या दिवशी तुमच्या टेबलावर ब्रेकेज दिसलं, तर वरून ऑर्डर आहे, टेबल बंद. सगळ्या नव्या मुली घेणार."

बारा जणींत पन्नाशीच्या पुढच्या आठ होत्या. इथून बाहेर पडलं तर त्यांना दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं. टेबलाची मुकादम चंद्रावती. त्यांना टेबलावर आणलं तिने, शिकवलं तिने, आणि पीळ कसा द्यायचा हेही दाखवलं तिनेच. आता ते हातांतून काढणार कोण? तीच.

नीट बघता बघता तिला उमगलं. गाणं चालू असलं की मुंडकी तुटत होती. ओळ संपली की बोटं आपली सवयीने मिटत होती. तिने गाणं थांबवलं. बायांनाही दटावलं, गुणगुणायचंसुद्धा नाही. तुटणं कमी झालं, मग जवळजवळ थांबलं.

पण टेबलावरचे दिवस फार लांब झाले. गाण्यात कधी जेवणाची सुट्टी व्हायची ते कळत नसे. आता पाण्याचा गारठा कोपरापर्यंत चढायचा, आणि इतकी वर्षं मुकी असलेली कंबर बोलायला लागली. घरी आल्यावर भाविका चहा पुढे करायची, तो घ्यायलाही चंद्रावतीला हात उचलवत नसे. काम हलकं झालं होतं आणि ती दमत होती दुप्पट. हे कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तरी हसले असते.

चीनची पार्टी म्हणजे एक बाई निघाली, चंद्रावतीच्याच वयाची, बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची. बरोबर एक दुभाषा. तिने टेबलावरच्या पेट्या उघडून पाहिल्या. सगळ्या मिशा जागच्या जागी. एक कोळंबी उचलून तिचं डोकं तिने इतक्या मायेने न्याहाळलं, की चंद्रावतीला वाटलं, हिला घरी नेऊन जेवायला वाढावं. बाई दुभाष्याला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, माल उत्तम.

इथे थांबला असता तर हृतिकचं सोनं झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची घाई असते एकेकाला. "मॅडम, आमच्या लेडीज गातातसुद्धा," तो म्हणाला. बाईने कौतुकाने मोबाइल काढला.

"सायेब, नको," चंद्रावती म्हणाली. "कामात नाय गात आता आमी."

"एकच कडवं, मावशी. व्हिडिओ हवाय त्यांना."

"मग हात थांबवतो आमी."

"नाही नाही, काम चालू ठेवा. नॅचरल दिसू दे."

साहेबाला दोनदा नाही म्हणून झालं होतं. शिवाय मागितलेला धवला नाकारू नये, लग्नघराला ते बरं नसतं, असं तिला सासूने शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर तिला गावंसं वाटलं. फार वाटलं. तिने पहिली ओळ घेतली.

बाया आधी बिचकल्या. मग त्यांच्यातल्या निशाने ओळ उचलली, मागोमाग सगळ्यांनी. इतक्या दिवसांची मिटलेली तोंडं उघडली आणि शेडमध्ये असा आवाज भरला की पलीकडच्या मुली माना वळवून बघत राहिल्या. चंद्रावतीची कंबर दुखायची थांबली. ती डोळे मिटून गात होती.

"आई!" भाविका ओरडली. "आई, हात बघा!"

टेबलभर मुंडकी पडली होती. बाराही जणींच्या पुढ्यात धडं, साफ, एका पिळात काढलेली. चिनी बाईने मोबाइल खाली घेतला. ती आता हसत नव्हती.

"सायेब, दोष माजा हाय," चंद्रावती हृतिकपुढे जाऊन म्हणाली. "गाना मी घेतला. बायांचे हात बरोबर हायत. त्यांना ठेवा, मला काढा."

हृतिकचा चेहरा पडला होता. गाणं कुणी मागितलं ते त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याने वर सांगितलं नाही. पण टेबल वाचवायला तो वर भांडला, एवढं खरं. टेबल राहिलं. चंद्रावतीची मुकादमी गेली. कोपऱ्यात एक लहान टेबल लावलं, तिथे तिला एकटीला उभं केलं. नव्या कामात ज्या कोळंब्या तुटतील, फुटतील, त्यांची मुंडकी काढून ठेवायची. अमेरिकेच्या जुन्या गिऱ्हाइकाची थोडी ऑर्डर शिल्लक होती, ती त्यातून भागायची.

"तिथे गा हवं तेवढं, मावशी," हृतिक म्हणाला. त्याला बरं वाटावं म्हणून ती हसली.

दुसऱ्या दिवशी तिने तिथे धवला घेतला. पहिली ओळ म्हणून ती थांबली. पुढे कुणी उचलली नाही. मोठ्या टेबलावर सगळ्यांच्या माना खाली होत्या. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, मग स्वतःच पुढे म्हणत राहिली. एकटीचं गाणं लवकर संपतं.

चहाच्या सुट्टीत भाविका तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बोल गो."

"आई, तुमी गाऊ नका." भाविकाचे डोळे भरले होते. "आमी तोंड मिटून ठेवतो. पन बोटं ऐकतात."

"किती तुटली?"

"निशावयनीची चार. माजी दोन."

चंद्रावतीने कपात उरलेला चहा संपवला.

"बरं," ती म्हणाली. "नाय गात."