साखरा डॉक्टर झाली

रविवारची मिस्सा संपली की सरजाबाई चर्चच्या ओसरीवर मुलांना धर्मशिक्षणाला बसवायची. लातूर शहरात रविवार आता देवाचा उरला नव्हता, क्लासवाल्यांचा झाला होता. त्यामुळे यायची ती मोजकीच पोरं, आणि त्यांतली निम्मी पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता बसायची. बाईचं शिक्षण बेताचं. पोट भरायचं ते क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून. पण गोष्ट सांगावी तर तिनेच. आणि सगळे संत बाजूला ठेवून पोरं एकच गोष्ट मागायची, "मावशी, साखराची सांगा."

साखरा ही तिची धाकटी बहीण. भूकंपाच्या पहाटे किल्लारीकडच्या त्यांच्या गावात घराचं माळवद खाली आलं. सरजा अंगणात झोपली होती म्हणून वाचली. आईला मेलेलीच बाहेर काढली. लहानगी साखरा मात्र दगडमातीखाली जिवंत होती आणि आत जपमाळ म्हणत होती. घरात रोज म्हणायचे तशीच. एकाने 'नमो मरिये, कृपापूर्णे' हा अर्धा भाग म्हणायचा, दुसऱ्याने 'पवित्र मरिये, देवाच्या माते' म्हणून तो पुरा करायचा. उत्तर आल्याशिवाय पुढचा मणी सरकवायचा नाही, ही आईची शिस्त. साखरा आतून म्हणायची, सरजा बाहेरून उत्तर द्यायची, आणि त्या आवाजाच्या रोखाने गावची माणसं हातांनी दगड उपसत होती.

दुपारी कुणीतरी ओरडत आलं, "अगं सरजे, तुझ्या मायला बी सगळ्यांसंगं सरणावर ठेवायलेत!" सरजा वेशीकडे पळत सुटली. "आमच्यात पुरतात हो, जाळू नका," म्हणून तिने लोकांचे पाय धरले. इकडे साखराने एकदा नमो मरिया म्हटला आणि शिस्तीप्रमाणे उत्तराची वाट बघत गप्प राहिली. उपसणाऱ्यांनी कान लावला. आवाज नाही. "गेलं लेकरू," म्हणाले, आणि पलीकडच्या घरातून हाका येत होत्या तिकडे धावले. त्यांचं तरी काय चुकलं? सरजा परत आली तेव्हा ढिगाऱ्यावर कुणीच नव्हतं. तिने मोठ्याने उत्तर दिलं. आतून लगेच पुढचा नमो मरिया आला, पण फार बारीक. ती माणसं बोलावून आणेपर्यंत तोही थांबला.

गोष्ट इथेच संपायची. मग सरजाबाई म्हणायची, "म्हणून प्रार्थनेला उत्तर मोठ्यानं द्यायचं. पलीकडं कोण वाट बघायलंय, आपल्याला दिसत न्हाई." आणि मिस्सेत खणखणीत उत्तर देणारी पोरं कोणाची, हे साऱ्या चर्चला ठाऊक होतं.

पण ऑक्टोबर आला, जपमाळेचा महिना, आणि नव्या फादरांनी ठरवलं की मुलांनी या गोष्टीचं नाटक करायचं. पुनम साखरा होणार होती. पुनम आठवीतली, सरजाबाईच्या जिवाची पोरगी. तिचा बाप व्यंकटी क्लासच्या रस्त्यावर खानावळ चालवायचा आणि लेकीला डॉक्टर करायचं म्हणून आतापासूनच झपाटला होता.

"फादर, लेकरं परीक्षेच्या टेन्शनमधी हायत," तो म्हणाला. "आन् ह्या बाई मरणाचं ऐकवायल्यात."

फादरांनी मान डोलावली. "सरजाबाई, मुलांना आशा हवी. साखरा वाचते आणि पुढे डॉक्टर होते, असं दाखवलं तर?"

"पण ती मेली ना, फादर."

"गोष्टीत, बाई. फक्त गोष्टीत."

मेलेल्या माणसाची बाजू घेऊन फादरांशी भांडणारी बाई सरजा नव्हती. तिला काम दिलं ते पडद्यामागून उत्तर द्यायचं. आवाज तुमचाच हवा, असंही फादर वर म्हणाले.

नाटकाच्या दिवशी सभागृह भरलं. बाकांच्या ढिगावर मातकट चादर टाकली होती, तिच्याखाली पुनम. सरजाबाई पडद्यामागे उभी राहिली आणि तिचं लक्ष शेजारच्या स्टुलावर गेलं. तिथे पांढरा कोट घडी घालून ठेवला होता, त्यावर स्टेथोस्कोप. साखरासाठी. सरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला धड कफनही मिळालं नाही, तिला आता हा कोट! "नमो मरिये, कृपापूर्णे," पुनमचा आवाज आला, आणि सरजाबाई मागच्या दाराने बाहेर निघून गेली.

आत सारं थांबलं. पुनम गप्प. सभागृहात बसलेल्या एकूण एक माणसाला ते उत्तर लहानपणापासून पाठ होतं. पण सगळ्यांचे हात मोबाईल धरण्यात गुंतले होते, आणि उत्तर देणं हे काम नाटकवाल्यांचं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी फादरांनी खूण केली, संगीत वाजलं, दोन पोरांनी पुनमला ओढून काढलं, कोट चढवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यंकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरजाबाई चर्चमागच्या विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. पुनम कोटातच धावत आली. केसांत चादरीची धूळ, चेहरा रडवेला.

"मावशी, तुम्ही कुठं गेल्ता? मी थांबले होते ना. आत लई अंधार होता."

रागाच्या भरात आपण काय केलं, हे सरजाबाईला आत्ता कळलं. पुन्हा तेच केलं होतं. तिने पोरीचा हात घट्ट धरला आणि घाईघाईने म्हणू लागली, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी..."

"पुनम, चल!" फाटकातून व्यंकटीने हॉर्न वाजवला. "टेस्ट हाय ना बारा वाजता!"

पुनमने हात सोडवून घेतला आणि पळत गेली. सरजाबाईने राहिलेलं उत्तर एकटीनेच पुरं केलं.