देव्हाऱ्यापुढचे ब्रेक

आज जव्हारला माझ्या रोजच्या सायकलला चांगल्यातले ब्रेक बसवले. कारागिराने चाक फिरवून ब्रेक दाबताच तापल्या रबराचा वास आला आणि गेल्याच महिन्यात वारलेले बाबा आठवले.

मी लहान असताना बाबांनीही असेच ब्रेक आणले होते, पण खंडेनवमीला पूजल्याशिवाय लावायचे नाहीत म्हणून देव्हाऱ्यापुढे ठेवले. खोडाळ्याच्या उतारावर जुने ब्रेक लागेनात. मी मागे कॅरिअरवर, बाजूला दरी. बाबांनी चप्पल चाकावर दाबली. रबर जळू लागलं.

“बाबा, थांबवा ना!”

“सतराचा पाढा म्हण. मोठ्यानं!”

सतरा साते एकशे सतरा म्हणेपर्यंत सायकल थांबली.

“एकशे एकोणीस, गाढवा,” बाबा हसले.

घरी येताच त्यांनी पूजेआधीच नवे ब्रेक लावले. पाना दोनदा हातातून पडला. तेव्हा मला वाटलं, देवाला घाबरलेत.